मुंगीचं एकच उत्तर

गुरुवार, ६ जुलै

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र लिहिणं भाग पडलं, कारण तुझी नात मुंगी काल सकाळी मला न सांगता बॅग उचलून तुमच्याकडे निघून आली आणि जाता जाता कॉलेजच्या खिडकीवर गणित सोडत असल्याचा अर्ज देऊन गेली. आज दुपारी कारकुनाने तो मला दाखवला. "बाई, ही तुमच्याच घरात राहते ना?" असं त्याने चारचौघांत विचारलं. मी हो म्हटलं आणि वर्गावर गेले.

फोन करता आला असता. पण फोन तुझा मुलगा उचलतो, आणि तू उचललास तर मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. म्हणून लिहिते.

तुला ठाऊक आहे, पदवीपूर्व गणिताचा परिचय वर्ग निवृत्तीनंतरही मीच घेते, आणि पुढे वर्षभर पहिली तुकडी माझ्याकडे असते. पहिल्या दिवशी पालकांनाही बोलावतो. ते मागच्या बाकांवर बसतात. समोरची मुलं शाळेत पैकीच्या पैकी मिळवून आलेली. त्यांची समजूत अशी की गणित म्हणजे रीत पाठ करायची आणि भराभर उत्तर ओढून काढायचं. ही समजूत मी पहिल्याच तासाला मोडते. सोपं दिसणारं एक उदाहरण देते. ज्याचं चुकेल त्याने उभं राहायचं, आईवडिलांकडे तोंड करायचं आणि स्वच्छ आवाजात म्हणायचं, "मी ताळा केला नाही." बस. ओरडा नाही, शिक्षा नाही. उत्तर आलं की ते परत मूळ गणितात घालून तपासायचं असतं, हे त्यानंतर कुणी विसरत नाही. माझ्या हाताखालून गेलेले इंजिनियर अजून रस्त्यात भेटले की ते वाक्य म्हणून दाखवतात.

सोमवारी मुंगीवर ती पाळी आली. वाक्य तिने म्हटलं, पण आधी माझ्याशी हुज्जत घातली. घरातली मुलगी म्हणून तिला सूट देणं शक्यच नव्हतं, उलट तिच्याबाबत जास्त कडक राहणं मला भाग होतं. त्यानंतर दोन दिवस घरात तोंडातून शब्द नाही, आणि काल हे.

अर्ज मागे घ्यायची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. त्यानंतर गणिताच्या यादीतून नाव कायमचं जाईल. मुलगी डोक्याने चांगली आहे. तिला समजाव आणि पाठवून दे.

तुझी,
ताई

—

रविवार, ९ जुलै

ती. ताईस,
सा. नमस्कार.

तुझं पत्र वाचून मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुंगी बुधवारी दारात उभी राहिली तेव्हा मला वाटलं, कॉलेजला सुट्टी असेल. मी आपली खुशीत. म्हटलं, बरी आलीस, बटणं लावायला हात मिळाला. तेव्हापासून ती माझ्या मशीनशेजारी बसून गिऱ्हाइकांच्या कपड्यांना बटणं लावते आहे. काल एका बाईंच्या झग्याच्या बाह्या उलट्या जोडल्या. उसवायला मलाच लागल्या.

विचारलं, "काय झालं गं?" तर म्हणते, "काही नाही आजी. मला वाटत होतं मला गणित येतं. येत नाही."

"मोठी आजी बोलली का काही?"

"ती बरोबर तेच बोलली."

एवढंच. मग सुई आणि दोरा. तू हुज्जतीचं लिहिलंस ते तिने आम्हाला सांगितलंच नव्हतं. मी तिला चांगली फैलावर घेतली. म्हटलं, जिच्या नावावर या घराने मान मिरवला, तिच्यासमोर भर वर्गात तोंड वर करून बोलतेस? तिने मान खाली घालून ऐकून घेतलं.

तिचा बाप म्हणजे नेहमीचाच. गॅरेजातून काळ्या हातांनी आला आणि म्हणाला, "मावशीच्या हाताखाली पहिला मी आडवा झालो, आता ही. रक्तातच आहे, आई. इथल्या कॉलेजात वाणिज्य घेऊ दे आणि दुकानाचे हिशेब बघू दे." लहानपणी सुट्टीत तुझ्याकडे जायचं म्हटलं की याला ताप भरायचा, आठवतंय ना? तू सकाळी दात घासायच्या आधी पाढे म्हणायला लावायचीस. त्याचा सूड बिचारा आता घेतोय.

पण ताई, मला फार लाज वाटली गं. तू तिला स्वतःच्या घरात ठेवून घेतलंस, वेगळी खोली दिलीस, आणि कारट्याने हे पांग फेडले. मी ठरवलं आहे. येत्या रविवारी तिला घेऊन येते. तुझ्यासमोर उभी करते आणि कान धरून माफी मागायला लावते. मग गणित घेवो नाहीतर न घेवो.

तुझीच,
धाकटी

—

मंगळवार, ११ जुलै

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तिला आणू नकोस. माफी तर मुळीच मागायला लावू नकोस. तिचं उत्तर बरोबर होतं. चुकले मी.

तुला कळेल असं लिहिते. उदाहरण असं होतं: अशी संख्या शोधा, की तिच्यात सहा मिळवून वर्गमूळ काढलं तर पुन्हा तीच संख्या मिळेल. रीत अशी, की दोन्ही बाजूंचा वर्ग करायचा आणि येणारं समीकरण सोडवायचं. त्यातून दोन उत्तरं निघतात. एक तीन. दुसरं उणे दोन. आता ताळा कर. तिनात सहा मिळव, नऊ झाले. नवाचं वर्गमूळ तीन. जमलं. उणे दोनात सहा मिळव, चार झाले. चाराचं वर्गमूळ दोन. उणे दोन नव्हे, नुसते दोन. जमलं नाही. वर्गमुळाचं चिन्ह लिहिलं की धन उत्तरच धरायचं, शाळेतल्यासारखं दोन्ही नाही, हा नियम मीच त्या तासाला, ते उदाहरण देण्याआधी सांगितला होता. वर्ग करताना कधीकधी असं एखादं आगंतुक उत्तर आत शिरतं. ते ओळखून बाहेर काढायचं, हाच तर इथल्या गणिताचा पहिला धडा.

वर्गातल्या बहुतेकांनी दोन्ही उत्तरं लिहिली. मुंगीने एकच लिहिलं, तीन. मी तिला उभी केली.

कशी चुकले तेही सांगते. पहिल्या दिवशी मी वर्षानुवर्षं एक ठरलेलं उदाहरण द्यायचे. त्याला खरोखरच दोन उत्तरं असत, आणि मुलं घाईत त्यातलं एक, शून्य, हरवून बसत. ज्याच्या वहीत एकच उत्तर तो चुकला, हे माझ्या डोळ्यांना इतकं सवयीचं, की मी आकडे वाचतही नसे. यंदा कळलं की खासगी शिकवण्यांतून ते उदाहरण फुटलं आहे. म्हणून ऐनवेळी नवं दिलं. उदाहरण नवं, डोळे जुने. नव्याचा ताळा मी स्वतः केला नव्हता.

मुंगी म्हणाली, "बाई, दुसरं जुळत नाही." मी म्हटलं, "जुळायला हे काय लग्नाचं स्थळ आहे?" सगळा वर्ग हसला. पालकही हसले. मग तिने त्यांच्याकडे तोंड केलं आणि म्हणाली, "मी ताळा केला नाही." अख्ख्या वर्गात ताळा केलेला होता तो बहुधा तिनेच.

संध्याकाळी घरी आल्यावर हे माझ्या लक्षात आलं. पण ती खोलीचं दार लावून बसली होती, आणि ते राहून गेलं.

तू तिला एवढं सांग की मोठ्या आजीची चूक होती. आणि पाठवून दे.

ताई

—

शुक्रवार, १४ जुलै

ती. ताईस,
सा. नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा काही कळेना. दुसऱ्यांदा कळलं. तुझे ते उणे दोन म्हणजे आमच्या दुकानात येऊन, आरशात स्वतःला न्याहाळून, कापडाला हात लावून निघून जाणारी बाई. आत आली खरी, पण गिऱ्हाईक नव्हे. असंच ना? बघ, मलासुद्धा येतं तुझं गणित.

आता मोठ्या बहिणीशी असं बोलू नये, पण बोलते. माझं ऐकशील तर हे इथेच मिटव. चूक कुणाची होत नाही? मीही उभ्या आयुष्यात किती कापडं वाकडी कापली असतील! पण मी ती गिऱ्हाइकाला उलगडून दाखवत बसत नाही. आमच्या घरात तुझ्या नावाला वजन आहे. सून तिच्या माहेरी सांगते, आमच्या मावशी कॉलेजात गणित शिकवतात. कुणाचं लग्न, कुणाचा दवाखाना, कुणाची नोकरी, सगळे म्हणतात ताईला विचारा. ते सगळं एका उणे दोनापायी घालवणार आहेस का? मुंगीचा बापही खूश आहे, पोर नजरेसमोर राहील म्हणून.

आणि एक विचारते. राग आला तरी चालेल. संध्याकाळी लक्षात आलं म्हणतेस. म्हणजे सोमवारची संध्याकाळ. ती तुझ्या घरातून निघाली बुधवारी सकाळी. मधला अख्खा मंगळवार तुम्ही दोघी एका टेबलावर जेवलात. दार तिने लावलं होतं, पण जेवायला तर उघडलं असेल? आणि सहा तारखेच्या पत्रात तू मला हुज्जत का लिहिलीस? त्या शब्दावरून मी पोरीला किती बोलले, तुला कल्पना नाही.

मी तिला अजून काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. गप्प बसणार असशील तर मी तुझ्यासोबत गप्प बसेन, तुझी बहीण आहे मी. पण सांगायचंच असेल तर तुझा निरोप माझ्या तोंडून कशाला?

अजून एक. दुपारी दुकानात कुणी नसलं की ती मापाच्या कागदांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी आकडे मांडते, खोडते, परत मांडते. मी विचारलं, काय गं हे? म्हणाली, "एक गणित आहे, आजी. मोठी आजी म्हणते त्याची दोन उत्तरं आहेत. मला दरवेळी एकच जमतं. म्हणजे मला काहीतरी मुळातलंच कळलेलं नाही." तेव्हा मला वाटलं, पोर नाद सोडत नाही. तुझं पत्र आल्यावर कळलं ती काय करतेय. ताई, ती ते खोटं उत्तर खरं करायला बघतेय गं.

धाकटी

—

सोमवार, १७ जुलै

चि. मुंगीस,
आशीर्वाद.

तुझ्या आजीच्या दुकानातल्या कागदांवर तू जे मांडते आहेस ते थांबव. उणे दोन जुळणार नाहीत. कधीच जुळणार नाहीत. तुझं उत्तर पहिल्या दिवसापासून बरोबर होतं आणि माझं चूक होतं. तुला मुळातलं कळलेलं आहे. त्या दिवशी ते वर्गात एकटीलाच कळलं होतं.

हे मी तुझ्या आजीला लिहिलं आहे, पण तिलाही अर्धंच लिहिलं. संध्याकाळी घरी आल्यावर चूक लक्षात आली असं मी तिला सांगितलं. ते खोटं आहे. खरं काय ते तुला लिहिते.

"दुसरं जुळत नाही" असं तू म्हणालीस तेव्हा मी थट्टा केली, आणि वर्ग हसत असताना मनातल्या मनात उणे दोनात सहा मिळवले. तू बाकातून बाहेर येत होतीस. तू पालकांकडे वळायच्या आत मला कळलं होतं. "थांब," एवढं एकच म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. मागे प्राचार्य बसले होते. पालक नुकते माझ्या विनोदावर हसले होते. आणि मनात एक सबब आयती तयार होती: ही घरचीच, हिची बाजू घेतली असं लोक म्हणतील. ती सबब मला फार सोयीची वाटली. तू ते वाक्य म्हटलंस, मी "बस खाली" म्हटलं आणि पुढचं उदाहरण सांगायला लागले. माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

मंगळवारी जेवताना मी तुला विचारलं, ताप आहे का. ताप नव्हता हे मला माहीत होतं.

पुढच्या सोमवारी, २४ तारखेला, मी पालकांना पुन्हा बोलावलं आहे. त्यांच्यासमोर आणि वर्गासमोर हे सगळं सांगणार आहे. तू ये. पहिल्या बाकावर बस. त्यानंतर अर्ज मागे घेऊ. मुदत महिनाअखेरची आहे, ती चुकवू नकोस. माझ्यावरचा राग गणितावर काढू नकोस.

मोठी आजी

—

गुरुवार, २० जुलै

ती. मोठ्या आजीस,
सा. नमस्कार.

तुझं पत्र आजीने आधी वाचलं आणि मग मला दिलं. ती रडली. मी नाही रडले. मी कागद घेतला आणि पुन्हा एकदा उणे दोन घालून पाहिले. जुळले नाहीत. या वेळी मला बरं वाटलं.

खरं सांगू का? ते वाक्य म्हणायला लागलं त्याचं मला एवढं काही नाही. तिथे भलतंच उत्तर आलेले आणखीही काही जण उभे होते. मला भीती वाटली ती नंतर. शाळेत असताना मला नेहमी कळायचं की आपलं उत्तर बरोबर आहे की नाही. कुणी सांगावं लागायचं नाही. त्या दिवसानंतर ते कळायचं बंद झालं. दोन अधिक दोन चार लिहिलं तरी वाटायचं, मोठ्या आजीला विचारायला हवं. मला वाटलं, ज्याला आपलं आपल्याला कळत नाही त्याने गणित घेऊ नये. म्हणून अर्ज दिला. तुझा राग आला म्हणून नाही.

मी गणित घेणार आहे. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "मावशीने स्वतःची चूक कबूल केली? कागदावर? तो कागद मला फ्रेम करायला दे." मी दिला नाही.

पण सोमवारी मी येणार नाही. तू तिथे उभी राहून बोलत असशील आणि सगळे माझ्याकडे बघत असतील, ते मला नको. तू माझ्यासाठी करत असशील तर करूच नकोस. बाकीच्या मुलांनीही खोटं उत्तर खरं म्हणून वहीत उतरवून घेतलं आहे, त्यांच्यासाठी कर.

मी बुधवारी येईन. राहायला तुझ्याकडेच येईन, कारण बाबा हॉस्टेलला नाही म्हणतात. पण मला दुसऱ्या तुकडीत बसायचं आहे, त्या तरुण सरांच्या. मुलं त्यांना सावकाश सर म्हणतात, कारण ते सारखं "सावकाश, सावकाश" म्हणतात. तुझ्या वर्गात मला पुन्हा "जुळत नाही" असं म्हणता येणार नाही. तू आता काही बोलणार नाहीस हे माहीत आहे. तरी येणार नाही. आणि ते म्हणता आलं नाही तर मला गणित कसं येणार?

हे लिहू की नको असा विचार खूप केला. आजी म्हणाली, "लिही, तिला खरं चालतं." चालतं ना?

तुझी,
मुंगी

—

बुधवार, २६ जुलै

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

मुंगी सकाळच्या गाडीने नीट पोचली. डब्यातलं अर्धं तिने वाटेत संपवलं, अर्धं माझ्यासाठी ठेवलं होतं.

सोमवारचं आधी लिहिते. पालक निम्मेच आले. प्राचार्य आले आणि दाराशी उभे राहिले. मी उदाहरण फळ्यावर लिहिलं, दोन्ही उत्तरं लिहिली, दुसरं घालून दाखवलं आणि सांगितलं की हे उत्तर मी तुमच्याकडून बरोबर म्हणून घेतलं, आणि जिचं बरोबर होतं तिला उभी केली. चूक माझ्या त्याच तासाला लक्षात आली होती, तरी मी बोलले नाही, हेही सांगितलं. नंतर पालकांकडे तोंड केलं आणि मुलांकडून म्हणवून घेते ते वाक्य म्हटलं. किती लहान वाक्य आहे ते! पण मागच्या बाकांवरचे इतके डोळे तोंडावर घेऊन ते म्हणायला किती वेळ लागतो, हे मला आजवर ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं मी ते मुलांच्या पाठीमागे उभी राहून ऐकत होते.

एक गृहस्थ उभे राहिले. पहिल्या दिवशी मी त्यांच्या मुलाची पाठ थोपटली होती. म्हणाले, "म्हणजे आमच्याचं चुकलं होतं?"

"हो."

"मग आता त्याला उभा करणार का?"

"नाही. ती पद्धत आजपासून बंद."

ते बसले. त्यांचा मुलगा मान खाली घालून वहीत काहीतरी खोडत होता. मग पुढच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "बाई, पण ती आहे कुठे?" याचं उत्तर मी तयार केलेलं नव्हतं. मी म्हटलं, "माझ्यामुळे गेली." मी तास पुढे चालू केला.

बाहेर पडताना प्राचार्य म्हणाले, "बाई, एवढं उघड करायची गरज नव्हती. पोरं आठवड्याभरात विसरली असती." तू म्हणाली होतीस तसंच. तुम्ही दोघं माझ्या भल्याचंच बोलत होतात. तुला वाटेल, बोलून टाकल्यावर मला हलकं वाटलं असेल. नाही वाटलं. अजूनही ती मान खाली घालून तुझ्या मशीनशेजारी बटणं लावतेय असं डोळ्यांसमोर येतं. तुझ्याकडून तिला जी बोलणी खायला लागली ती माझ्या शब्दामुळे. त्याबद्दल तुझीही क्षमा मागते. हुज्जत तिने घातली नव्हती. ती एकच वाक्य बोलली होती आणि ते खरं होतं.

तिने मला विचारलं होतं, खरं चालतं ना? आज सकाळी ती दारात चपला काढत होती तेव्हा मी सांगितलं, चालतं. ती "बरं" म्हणाली आणि हात धुवायला गेली.

दुसऱ्या तुकडीचं मात्र मला लागलं, धाकटे. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? इतक्या वर्षांत माझी तुकडी सोडून कुणी तिकडे गेलेलं नाही. तिकडून इकडे येण्यासाठी चिठ्ठ्या येतात. त्या सरांचा अभ्यासक्रम दरवर्षी मागे राहतो. एका उदाहरणावर ते तासभर थांबतात. हे सगळं तिला सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. तिने कारण लिहिलं आहे, आणि त्या कारणात मला एकही चूक सापडत नाही.

कार्यालय उघडल्याबरोबर आम्ही खिडकीवर गेलो. तुझ्या मुलाची संमतीची चिठ्ठी कारकुनाने वाचली, अर्ज बाहेर काढला, तिने मागे घेतल्याची सही केली. कारकून म्हणाला, "काय बाई, मनवली वाटतं नातीला?" मी म्हटलं, "तिने मला." तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करते आहे.

तिथून दुसऱ्या तुकडीच्या वर्गापर्यंत आम्ही चालत गेलो. ती दोन पावलं पुढे होती. सर दारातच भेटले. घाबरलेले दिसले, मी त्यांच्या वर्गाकडे कधी फिरकत नाही. "हिच्याबद्दल काही सांगायचंय का, बाई?" त्यांनी विचारलं. शिफारस करा, गुण सांगा, घराणं सांगा, अशा थाटात नव्हे. खरंच विचारत होते. मी म्हटलं, "ही जुळत नाही म्हणाली, तर हातातला खडू खाली ठेवा आणि तपासून पाहा." ते म्हणाले, "सावकाश पाहू." मुंगीने पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. हसली नाही, पण ओठ दाबून धरले होते.

नोंद राहावी म्हणून लिहिते. आज, २६ जुलै, पहिल्या तासाच्या घंटेआधी, तुझी नात दुसऱ्या तुकडीच्या सरांच्या हवाली केली. सोबत दोन कोऱ्या वह्या, पाण्याची बाटली, तुझ्या मुलाची चिठ्ठी आणि पहिल्या तुकडीच्या हजेरीतून तिचं नाव कमी केल्याचा माझ्या सहीचा कागद. सरांनी सगळं मोजून घेतलं आणि पोच दिली. तिच्याकडून पोच मिळाली नाही. मी मागितलीही नाही.

ताई